वास्तुजिज्ञासा : केडलस्टनचा झाकलेला चौक

टिळकवाडीतील एका निवृत्त मुख्याध्यापकांचे पत्र आम्ही मागील अंकात थोडक्यात छापले होते आणि त्याचे उत्तर या अंकासाठी राखून ठेवले होते. इंग्लंडमधील केडलस्टन हॉल या जुन्या घराविषयीचे ते पत्र वाचून खानापूर, बेळगाव कॅम्प आणि निपाणी येथील वाचकांनीही लिहिले. सर्वांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे सदर त्या एकाच घराला दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त नॉटिंगहॅमला असतो. आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता त्याने आम्हाला डर्बी शहराजवळचे केडलस्टन हॉल दाखवले. मधली इमारत डोळे दिपवणारी आहे. परंतु एवढ्या दालनांतून फिरूनही घरातली माणसे झोपत कुठे आणि स्वयंपाक होई कुठे, हे काही उमगले नाही. खरे सांगायचे तर मला ते घर वाटलेच नाही. पाहण्यात माझी चूक झाली का?
(टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : आपली चूक झालेली नाही. इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते सॅम्युअल जॉन्सन १७७७ मध्ये तेथे गेले होते, तेव्हा त्यांनाही ही वास्तू नगरभवन म्हणून अधिक शोभेल असे वाटले होते. खांबांच्या दालनात न्यायाधीशांनी बसावे आणि गोल दालनात पंचांनी, असे ते म्हणाले होते. आपल्याला जे जाणवले ते घराच्या नकाशातच आहे.

कर्झन घराणे केडलस्टनला बाराव्या शतकापासून राहत आले. १७५८ मध्ये सर नॅथॅनिएल कर्झन यांच्या हाती मालमत्ता आली आणि पुढच्याच वर्षी त्यांनी वडिलोपार्जित विटांचे घर पाडून नवे बांधायला घेतले. त्याच डर्बिशायर परगण्यात कॅव्हेंडिश घराण्याचे चॅट्सवर्थ हे भव्य घर होते आणि राजकारणातही ते घराणे विरुद्ध बाजूला होते. त्याच्या तोडीस तोड घर उभे करावे, ही कर्झन यांची ईर्षा होती. आरंभी मॅथ्यू ब्रेटिंगहॅम या वास्तुविशारदाने आराखडा दिला. मध्ये एक मोठी इमारत, चार कोपऱ्यांना चार लहान इमारती आणि त्यांना मध्याशी जोडणारे चार वळणदार मार्ग, अशी ती कल्पना होती. तिचे मूळ सोळाव्या शतकातील इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओ याच्या, प्रत्यक्षात न उतरलेल्या, एका आराखड्यात आहे. ब्रेटिंगहॅमनंतर काम जेम्स पेन यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर रॉबर्ट अ‍ॅडम यांच्याकडे गेले. चारपैकी उत्तरेकडच्या दोनच लहान इमारती बांधल्या गेल्या. दक्षिणेकडच्या दोन कागदावरच राहिल्या.

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या दोन लहान इमारतींत आहे. ईशान्येकडील इमारतीत कुटुंब राहत असे आणि वायव्येकडील इमारतीत स्वयंपाकघर होते. मधली मोठी इमारत पाहुण्यांसाठी, मेजवान्यांसाठी आणि दाखवण्यासाठी होती. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर आपण पाहिलेत ती सदर होती. माजघर डाव्या हाताला आणि सैपाकघर उजव्या हाताला, दोन्ही वळणदार बोळांच्या पलीकडे राहिले. आपल्या वाड्यात देवडी, सदर, माजघर, परसू ही एकामागे एक लागतात आणि माणूस जितका जवळचा तितका आतवर येतो. केडलस्टनला हीच वर्गवारी आडवी मांडलेली आहे. स्वयंपाकघर लांब नेल्यामुळे चुलीचा धूर, वास आणि आगीची भीती मुख्य दालनांपासून दूर राहिली. त्यासाठी वाफाळते ताट एवढा लांबचा बोळ ओलांडून येईपर्यंत निवण्याची किंमत मात्र मोजावी लागली. भोजनाचे दालन मुद्दाम पश्चिम बाजूला, स्वयंपाकघराच्या अंगाला ठेवले आहे, हे नकाशा पाहिल्यावर लगेच ध्यानात येते.

मधल्या इमारतीतील फेरीही ठरवून आखलेली आहे. उत्तरेच्या सहा खांबी दर्शनी मंडपातून संगमरवरी दालनात यावे, तेथून पूर्वेकडे वळून संगीताचे दालन, निळ्या रेशमी वस्त्राने मढवलेले बैठकीचे दालन आणि ग्रंथालय पाहावे, मग दक्षिणेच्या गोल दालनात यावे, तेथून पश्चिमेकडील शाही शयनगृह पाहून भोजनाच्या दालनातून पुन्हा संगमरवरी दालनात परतावे, अशी ही प्रदक्षिणा आहे. कला आणि संगीत एका अंगाला, आतिथ्य दुसऱ्या अंगाला आणि मध्ये प्राचीन रोम! शयनगृहसुद्धा मालकाचे नव्हे, मानाच्या पाहुण्याचे होते. घर पाहायला अनोळखी लोक येत, त्यांना फिरवून माहिती देण्याचे काम घराच्या कारभारीणबाई मिसेस गार्नेट करीत, आणि हातात दालनांतील वस्तूंची यादी घेतलेले त्यांचे चित्र आजही त्या घरात आहे. आपण तिकीट काढून ज्या वाटेने फिरलात ती वाट बहुतांशी अडीचशे वर्षांपूर्वीच्या पाहुण्यांचीच वाट होती.

प्रश्न : त्याच घरातील संगमरवरी दालनाला एकही खिडकी नाही, तरी आत उजेड होता. एवढे श्रीमंत घर आणि पहिल्याच दालनाला खिडकी नसावी, याचे कारण काय? आणि ते खांब खरोखर दगडाचे आहेत की गिलाव्याचे?
(वरील वाचक)

उत्तर : या प्रश्नासाठी मी आपला विशेष ऋणी आहे, कारण केडलस्टनमध्ये मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तीच आहे. ज्याला आपण दालन म्हणता तो मुळात चौक आहे.

रॉबर्ट अ‍ॅडम हे स्कॉटलंडचे. १७५४ ते १७५८ अशी चार वर्षे ते युरोपात राहिले आणि त्यांनी रोमन अवशेषांचा अभ्यास केला. १७५७ मध्ये एड्रिॲटिक समुद्राच्या काठी असलेल्या स्प्लिट या गावी जाऊन त्यांनी सम्राट डायोक्लेशियनच्या राजवाड्याची मोजमापे घेतली आणि १७६४ मध्ये ती रेखाटने प्रसिद्ध केली. रोमन लोकांच्या मंदिरांची नक्कल त्यांच्या आधीही पुष्कळांनी केली होती. अ‍ॅडम यांना रोमन माणूस घरात कसा राहत होता, याची ओढ होती. रोमन घराच्या मध्यभागी आट्रिअम नावाची जागा असे. तिच्या छपराला मध्ये मोकळे तोंड असे, चारी बाजूंचे छप्पर आतल्या अंगाला उतरते असे आणि पावसाचे पाणी खालच्या उथळ हौदात पडत असे. निपाणी-संकेश्वर भागातील जुन्या वाड्याच्या चौकात जो उभा राहिला आहे, त्याला हे वर्णन समजावून सांगावे लागत नाही. वरून उजेड, खाली पाणी, भोवती सोपे आणि सोप्यांना खांब. दोन हजार वर्षे आणि हजारो कोसांचे अंतर असूनही उष्ण मुलखातील माणसांनी आपापल्या परीने हाच तोडगा काढला, याचे मला नेहमी नवल वाटते.

अ‍ॅडम यांना डर्बिशायरमध्ये असा चौक उघडा ठेवणे शक्य नव्हते. तेथे वर्षभर पावसाची रिपरिप, हिवाळ्यात बर्फ आणि दुपारी चार वाजता अंधार. म्हणून त्यांनी चौकाचे सर्व अवयव ठेवले आणि तोंड तेवढे बंद केले. दोन्ही बाजूंना खांबांची रांग आहे, ती सोप्यांची. खिडक्या नाहीत, कारण चौकाच्या भिंतीला बाहेरची खिडकी नसतेच. उजेड छतात बसवलेल्या काचेच्या झरोक्यांतून उतरतो, रोमन घरात तो थेट आभाळातून उतरत होता. भिंतीतील कोनाड्यांत प्राचीन मूर्तींच्या प्रतिकृती आहेत. खिडकी नसण्याची आपल्याला वाटलेली उणीव हीच त्या दालनाची ओळख आहे.

खांब गिलाव्याचे नाहीत. एकूण वीस आहेत, प्रत्येकाची उंची सुमारे २५ फूट आहे आणि ते शेजारच्या नॉटिंगहॅमशायरमधून आणलेल्या अलाबास्टर या दगडाचे आहेत. अलाबास्टर म्हणजे जिप्समचाच एक घट्ट प्रकार. त्यात गुलाबी, तपकिरी, हिरवट शिरा असतात आणि तो घासून चमकदार करता येतो. तो मऊ असतो व पाण्याने हळूहळू झिजतो, म्हणून उघड्यावर वापरता येत नाही. येथे एक सुंदर गोष्ट घडली आहे. खऱ्या उघड्या चौकात हे खांब टिकलेच नसते. चौक झाकला म्हणून असा दगड वापरता आला. आपल्या वाड्यांत सागवानी खांबाला आपण दगडी तळखडा देतो, तो लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून. पाण्याला काय सोसेल आणि काय सोसणार नाही, हा विचार दोन्हीकडे एकच आहे.

या चौकाला लागून दक्षिणेला गोल दालन आहे. त्याचा घुमट ६२ फूट, म्हणजे सुमारे १९ मीटर उंच असून त्याच्या शिखरावर रोममधील पँथिऑनसारखा गोल डोळा आहे; फरक एवढाच की पँथिऑनचा डोळा उघडा आहे आणि याला काच आहे. भिंतींतील कोनाड्यांत प्राचीन कलशांच्या बैठकीसारख्या दिसणाऱ्या वस्तू आपण पाहिल्या असतील. त्या ओतीव लोखंडाच्या शेगड्या आहेत, दालन उबदार ठेवण्यासाठी तो आकार दिलेल्या. याच दालनाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे दक्षिण दर्शनी बाजूला, अ‍ॅडम यांनी रोममधील कॉन्स्टंटाइनच्या विजयकमानीचा आराखडा वापरला. घराच्या भिंतीवर विजयकमान चढवण्याचे ते धाडस होते आणि ते साधले आहे, कारण चार उंच खांब आणि त्यांवरील मूर्ती यांमुळे सपाट भिंतीला हालचाल येते. उत्तरेची बाजू मला त्या मानाने ताठर वाटते. तिच्यात पेन यांचा वाटा अधिक आहे.

प्रश्न : कोलकात्याचे राजभवन ही केडलस्टनची नक्कल असून ती लॉर्ड कर्झनने आपल्या घराच्या आठवणीसाठी बांधली, असे आमच्या शाळेत शिकवले गेले. हे खरे का? आणि केडलस्टन हिंदुस्थानातून नेलेल्या पैशांवर उभे राहिले का?
(खानापूर)

उत्तर : पहिले विधान अर्धे खरे आहे. कोलकात्याची वास्तू केडलस्टनच्या आराखड्यावर बेतलेली आहे, परंतु ती कर्झन यांची नव्हे. ती १७९९ ते १८०३ या काळात गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्ली यांनी बांधवून घेतली. कर्झन व्हाइसरॉय म्हणून १८९९ मध्ये आले, म्हणजे बांधकाम सुरू झाल्यावर बरोबर शंभर वर्षांनी. आराखडा करणारे कॅप्टन चार्ल्स वायट हे बंगालच्या सैन्यातील अभियंते होते आणि त्यांचे चुलते सॅम्युअल वायट यांनी तरुणपणी केडलस्टनच्या बांधकामावर देखरेख केली होती. आराखडा डर्बिशायरहून कोलकात्याला कोणत्या वाटेने आला, हे यावरून समजते. कर्झन घराण्याचा वंशज पुढे आपल्याच घराच्या प्रतिरूपात व्हाइसरॉय म्हणून राहायला आला, हा निव्वळ योगायोग. त्या योगायोगामुळेच आपल्या शाळेत सांगितलेली कथा रुजली असावी.

नक्कल हा शब्द मात्र मी वापरणार नाही. केडलस्टनला चारपैकी दोनच कोपऱ्यांच्या इमारती झाल्या, कोलकात्यात चारही झाल्या. शिवाय त्यांचा उपयोग बदलला. डर्बिशायरमध्ये वळणदार बोळ पाऊस आणि थंडी चुकवण्यासाठी होते; कोलकात्यात इमारती एकमेकींपासून सुट्या ठेवल्यामुळे कोणत्याही दिशेचा वारा आत घेता आला आणि राहत्या खोल्यांना तीन बाजूंनी मोकळी हवा मिळाली. थंडीसाठी काढलेला नकाशा उकाड्यालाही उपयोगी पडला, हे पॅलाडिओच्या मूळ कल्पनेचे श्रेय आहे, कारण तो स्वतः इटलीच्या उन्हात काम करणारा माणूस होता.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. केडलस्टन उभारणारे कर्झन हे जमीनदार होते आणि घरामागे प्रामुख्याने शेतजमिनींचे उत्पन्न होते. त्याची झळ त्यांच्याच रयतेला बसली. घरासमोरचे उद्यान मोकळे दिसावे म्हणून केडलस्टन गाव तेथून हलवले गेले, रस्ताही दूर वळवला गेला आणि घराच्या कुशीत जुने चर्च तेवढे उरले. आपल्याकडे धरणासाठी गाव उठल्यावर देऊळ एकटे मागे राहते, त्याची आठवण मला त्या चर्चचे छायाचित्र पाहून झाली. हिंदुस्थानातून गेलेल्या वस्तू तेथे आहेत, पण त्या दीडशे वर्षांनंतरच्या, लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीतील. १९०३ च्या दिल्ली दरबारात लेडी कर्झन यांनी घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाखही त्यांत आहे. कोलकात्याच्या वास्तूचा खर्च मात्र कंपनीने येथल्याच महसुलातून केला. ज्या १८०३ साली ती पूर्ण झाली, त्याच साली वेलस्लींच्या धाकट्या भावाने असईच्या रणांगणावर शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. महाल आणि मोहीम या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या एकाच धोरणाच्या होत्या, हे आपण मराठी वाचकांनी ती वास्तू पाहताना विसरू नये.

प्रश्न : बेळगाव कॅम्पातील जुने बंगले हे अशा इंग्रजी घरांचेच लहान रूप मानावे का?
(कॅम्प, बेळगाव)

उत्तर : मानू नये. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर येथे लष्करी छावणी वसली, आणि छावणीतील घर बांधताना त्यांनी आपल्या देशातील मोठ्या घरांकडे न पाहता बंगालमधील उतरत्या छपराच्या झोपडीकडे पाहिले. बंगला हा शब्दच तेथून आला. जोत्यावर उभे एकमजली घर, चारी बाजूंना व्हरांडा, जाड भिंती आणि वर कौले, ही सारी इथल्या पावसाची आणि उन्हाची शिकवण आहे. मंगळुरी कौलांचे उत्पादन १८६५ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर हे छप्पर अधिक टिकाऊ झाले. पोर्चचे गोल खांब आणि वरची त्रिकोणी पाटी एवढेच केडलस्टनच्या गोत्रातले.

प्रश्न : आमच्या वाड्याचा चौक उघडा आहे. पावसाळ्यात झड सोप्यापर्यंत येते, म्हणून त्यावर पारदर्शक पत्रा घालून तो कायमचा बंद करावा, असे धाकट्या बंधूंचे म्हणणे आहे. मागील अंकातील पत्र वाचून ते म्हणतात की इंग्लंडातल्या श्रीमंतांच्या घरातही वरून काचच आहे. वडिलांना हे पसंत नाही. आपण काय सांगाल?
(निपाणी)

उत्तर : आपल्या बंधूंनी पत्र लक्षपूर्वक वाचले, याचा मला आनंद आहे, आणि झडीने खांबांचे बूड कुजू लागले असेल तर त्यांची काळजीही रास्त आहे. तरीही केडलस्टनचा दाखला येथे लागू पडत नाही. तेथे चौक झाकला तो आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून. निपाणीच्या वैशाखात आपल्याला नेमके उलटे हवे असते. उघड्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी सोप्यातून व माजघरातून तुलनेने गार हवा ओढली जाते. चौकाचे तोंड घट्ट बंद केले की ही ओढ थांबते, पारदर्शक पत्र्याखाली ऊन साठते आणि माडीवर दुपारी बसवत नाही. ओल साठून कडीपाटाला बुरशी धरते ती वेगळीच. चौकात तुळशीवृंदावन असेल तर तिलाही पत्र्याखालचे ऊन मानवत नाही.

वडिलांचे आणि बंधूंचे, दोघांचेही समाधान होईल असा मार्ग आहे. पत्रा छपराला टेकवू नये. चौकाच्या तोंडावर लोखंडी चौकट उभी करून तो भोवतालच्या कौलांच्या वर किमान दीड-दोन फूट उचलावा, चारी बाजू मोकळ्या ठेवून तेथे फक्त पाखरांसाठी जाळी लावावी आणि पत्र्याच्या कडा कौलांवर चांगल्या हातभर पुढे आणाव्यात, म्हणजे तिरपी झड अडेल आणि हवा वाहती राहील. पत्र्यावरचे पाणी कौलांवर न सोडता पन्हाळीने परसूकडे न्यावे. एका जागी पडणाऱ्या धारेने कौले फुटतात. चौकटीचा भार जुन्या तुळयांवर देण्याआधी जाणत्या सुताराकडून तुळयांची टोके, विशेषतः भिंतीत शिरणारी, टोचून पाहून घ्यावीत, कारण वाळवी आणि ओल तेथूनच सुरू होते. चौकाची मूळ फरसबंदी व मोरी तशीच ठेवावी. फरशी बसवून चौक सोप्याच्या पातळीला आणला, तर कधीतरी पन्हाळ तुंबेल तेव्हा पाणी थेट तळखड्यांवर येईल. पत्रे नटबोल्टने बसवावेत, म्हणजे दसऱ्यानंतर ते उतरवून ठेवता येतील आणि मृगापूर्वी पुन्हा चढवता येतील.

चौकाची लांबी-रुंदी, सोप्याची उंची आणि माडीवरून घेतलेले एक छायाचित्र पाठवल्यास चौकट किती उचलावी आणि पन्हाळ कोणत्या अंगाने काढावी, हे पुढील अंकात अधिक नेमके सांगता येईल.